घरांतील बिनतारी आणि घराच्या भिंती

वाळूजसारख्या गांवीं आज दोन तऱ्हांचीं घरें शेजारींशेजारीं नांदत आहेत. जुन्या गांवठाणाच्या बाजूस दगडी जोत्यावर उभारलेलीं, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींचीं माळवदी घरें. आणि १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना येथें सुरू झाला त्याच्या आगेंमागें वाढत गेलेल्या बजाजनगरासारख्या वसाहतींत विटा, सिमेंट व लोखंडी सळया यांचीं, खांद्याला खांदा लावून बांधलेलीं घरें. एकीकडे तीन पिढ्या एका माळवदाखालीं राहतात. दुसरीकडे त्याच तीन पिढ्या तळमजला, वरचा मजला व गच्चीवरची पत्र्याची खोली अशा वांटणीनें राहतात. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच ऐकूं येते. बाहेरच्या खोलींत वायफाय उत्तम चालतें, आंतल्या खोलींत तें पोंचत नाहीं.

आंतल्या खोलींत असतें कोण, हा प्रश्न आमच्या मतें महत्त्वाचा आहे. तेथें असते पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कचेरीचें काम घरीं बसून करणारी सून. बारावीचे पाठ मोबाईलच्या पडद्यावर ऐकणारा मुलगा. आणि गुडघ्यांमुळें फारसें हिंडतां न येणाऱ्या आजी, ज्यांचा परदेशीं असलेला नातू आठवड्यांतून एकदां, इकडची रात्र व तिकडची सकाळ यांचा मेळ बसेल अशा अर्ध्या तासांत, त्यांना दिसतो. राउटर असतो बाहेरच्या खोलींत, दाराच्या चौकटीजवळ. कारण तार जोडावयास आलेल्या माणसास भिंतीला भोंक पाडणें तेथें सोपें गेलें. त्या भोंकाची जागा कोणीं विचारपूर्वक ठरविलेली नसते. तरीहि घरांतील कोणाचें बोलणें पुरें व्हावें आणि कोणाचें अर्ध्यावर तुटावें, याचा निकाल पुढें वर्षानुवर्षें तें भोंकच देत राहतें.

यावर घरोघर सुचविला जाणारा उपाय ठरीव आहे: कंपनीस कळवून अधिक गतीची, अधिक भाड्याची योजना घेणें. हा खर्च बहुधा वायां जातो. रस्त्यावरून घरापर्यंत येणारी तार ही एक गोष्ट, आणि राउटरपासून आपल्या हातांतील यंत्रापर्यंत हवेंतून जाणारी लहर ही निराळी गोष्ट. नळाची जोडणी अर्ध्या इंचाऐवजीं एक इंचाची घेतली, तरी घरांतली नळी कोंदलेली असेल तर न्हाणीघरांतल्या तोटीस धार लागत नाहीं. खात्री करून घेणें सोपें आहे. राउटरपासून चार-पांच हातांवर उभें राहून मोबाईलवर गति मोजावी. मग आंतल्या खोलींत जाऊन पुन्हां मोजावी. पहिला आंकडा चांगला व दुसरा वाईट आला, तर कंपनीशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. दोष घरांत आहे व तो घरांतच शोधला पाहिजे.

हवेंतून जाणारी ही लहर प्रकाशाचीच बहीण आहे. फक्त तिची लांबी प्रकाशाहून फार मोठी. कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनीं बिनतारी लहरी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहांतून व मधल्या भिंतींतून पाठवून सुमारें ७५ फुटांवर घंटा वाजवून दाखविली होती. अशा लहरी भिंतींतून जातात हें लोकांनीं त्या दिवशीं पाहिलें. त्या कोठें वळतात, कोठें परततात, याचा अभ्यास बोस यांनीं बारकाईनें केला. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकांत पानापानामध्यें कथिलाचा वर्ख घालून त्या पुस्तकानें ते एका दिशेनें आंदोलणाऱ्या लहरी अडवीत व दुसऱ्या दिशेच्या सोडीत. धातूपुढें या लहरींचें कांहीं चालत नाहीं, हें त्या वर्खानें तेव्हांच सांगून ठेवलें होतें.

आजचे राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, तिची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितेएवढी. दुसरी ५ गिगाहर्ट्झच्या आसपासची. तिची लांबी तीन बोटें. पहिली भिंतींतून अधिक जाते, पण ओझें कमी वाहते; दुसरी पुष्कळ ओझें वाहते, पण भिंतीपुढें लवकर थकते. लहरीची शक्ति डेसिबलांत मोजतात, आणि मोबाईलवरील साध्या ॲपांत ती उणे चिन्हासह दिसते. उणे ५० असेल तर उत्तम. उणे ६७ पर्यंत समोरासमोर पाहून बोलण्यास हरकत नाहीं. उणे ८० च्या खालीं गेलें कीं चेहरे गोठूं लागतात. या मापाची खुबी अशी कीं ३ नें उतार म्हणजे शक्ति निम्मी, १० नें उतार म्हणजे दहावा हिस्सा, २० नें म्हणजे शंभरावा. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ६ चा उतार पडतो, म्हणजे चतुर्थांश शक्ति उरते. अंतराचा हा कर सर्वांस सारखाच. घराघरांत फरक पडतो तो भिंतींमुळें.

लाकडी दार किंवा प्लायवुडची आडभिंत निम्म्याच्या आसपास लहर पलीकडे जाऊं देते. नऊ इंची विटांची, दोन्हीं अंगांनीं गिलावा केलेली भिंत २.४ च्या लहरीचा चौथा ते दहावा हिस्सा सोडते. ५ च्या लहरीवर तिचा जुलूम याहून अधिक. काँक्रीटचा स्लॅब दहावा ते शंभरावा हिस्सा सोडतो. जाडी, ओल आणि माल यांच्या मानानें या अदमासांत पुष्कळ कमीजास्त होतें. पण गणिताचा रोख कळण्यास ते पुरेत. राउटर आणि मागची खोली यांमध्यें अशा दोन भिंती आल्या, म्हणजे उरणाऱ्या हिश्श्यांची बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. चौथ्याचा चौथा तो सोळावा, दहाव्याचा दहावा तो शंभरावा. शिवाय लहर भिंतीवर तिरपी पडली, तर तिला भिंतीची जाडीहि अधिक ओलांडावी लागते. एकाच ओळींत खोल्या असलेल्या घरांत कोपऱ्यांतला राउटर हेंच करतो.

मातीच्या भिंतीविषयीं समजूत अशी कीं ती मऊ, म्हणून लहर तींतून सहज जात असेल. तसें नाहीं. माती ओल धरून ठेवते, आणि पाणी या लहरींचें मोठें भक्षक आहे. त्यांतून भिंतीची जाडी हात-दीड हात. उन्हाळ्यांत कसेंबसें चालणारें वायफाय आषाढ-श्रावणांत त्याच खोलींत रुसूं लागतें, तें यामुळें. हवेंतून पडणारा पाऊस घरांतल्या घरांत या लहरींना अडवीत नाहीं. भिंतीनें प्यालेला पाऊस अडवितो. नव्या बांधलेल्या स्लॅबांत पाणी मुरलेलें असतें तोंवर तोहि असाच अधिक आडमुठा असतो. माणसाचा देह तरी मुख्यतः काय आहे? लग्नकार्याच्या दिवशीं वीस-पंचवीस पाहुणे मधल्या खोलींत बसले, म्हणजे राउटर व मागची खोली यांमध्यें एक पाण्याची भिंतच उभी राहते. आणि त्याच दिवशीं प्रत्येक पाहुण्याचा मोबाईलहि त्या राउटरकडे हात पसरीत असतो.

धातूचें प्रकरण निराळें. विटेची भिंत लहर खाते. धातु ती परतवितो. लोखंडी कपाट, शीतकपाट, भिंतीएवढा आरसा, स्टीलच्या डब्यांनीं व पातेल्यांनीं भरलेली मांडणी, यांच्या मागें या लहरींची सांवली पडते. बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, मग मागची खोली अशी रचना असेल, तर मधली मांडणी हीच खरी आडभिंत असते, आणि ती कोणाच्या लक्षांत येत नाहीं. खिडकीच्या गजांतून लहर बरीचशी निसटते. पण डांसांसाठीं लावलेली तारेची बारीक जाळी तिला पत्र्यासारखीच वाटते, कारण जाळीचीं छिद्रें तिच्या लांबीच्या मानानें फार लहान. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराला कांचेमागें अशीच छिद्रांची चादर असते: आंतला पदार्थ दिसतो, आंतली लहर बाहेर येत नाहीं. निदान फारशी येत नाहीं. ती भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या सुमारास चालते, आणि जी किंचित् गळती होते तेवढ्यानेंहि भट्टी चालू असेतों २.४ चें वायफाय अडखळतें. अशा वेळीं ५ च्या लहरीवर जावें.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीची अडचण पत्र्याहून खालच्या स्लॅबाची अधिक असते. त्या खोलींत स्वतःचा राउटर असेल, तर पत्रा उलट मदतच करतो. लहर आंतल्या आंत घुमत राहते.

हें घुमणें मात्र सर्वस्वीं हिताचें नाहीं. भिंती, कपाटें व पत्रे यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीच्या मागून, निरनिराळ्या वेळीं येऊन पोंचतात, आणि देवळाच्या घुमटाखालीं झपाट्यानें म्हटलेले शब्द जसे एकमेकांत मिसळतात तसा संदेश गढूळ होतो. वायफायच्या बाल्यावस्थेंत हाच मोठा पेंच होता. ऑस्ट्रेलियांतील सीएसआयआरओ या सरकारी संशोधनसंस्थेंत जॉन ओसलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० च्या दशकांत तो सोडविण्यास मोठा हातभार लावला. आणि त्यासाठीं लागलेल्या गणिताचा कांहीं भाग ओसलिव्हन यांनीं पूर्वीं आकाशांतील क्षीण रेडिओ-स्पंदनें शोधतांना वापरलेला होता. स्पंदनें सांपडलीं नव्हतीं. गणित मात्र घरोघर पोंचलें. आतां प्रतिध्वनींतून संदेश निवडून काढण्याचें काम राउटर स्वतः करतो. तरी एक गोष्ट राहतेच: सरळ आलेली व परतून आलेली लहर एका जागीं परस्परांस मारतात, आणि तेथून चार बोटांवर परस्परांस बळ देतात. मोबाईल मेजावर वीतभर सरकविला आणि बोलणें सुरळीत झालें, हा अनुभव पुष्कळांस असेल. यांत जादू नाहीं, २.४ च्या लहरीची अर्धी लांबी सहा सेंटिमीटर आहे एवढेंच.

आतांपर्यंत शक्तीचा विचार झाला. परंतु ऐकूं येणें हें बोलणाराच्या आवाजावर जितकें, तितकेंच भोंवतालच्या गोंगाटावर अवलंबून असतें. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्यासाठीं ती जागा निवडतांना पाहिलेल्या गोष्टींपैकीं एक हीच कीं तेथें मनुष्यनिर्मित लहरींचा कोलाहल कमी होता. खोडदचें भाग्य बजाजनगरास कोठून? २.४ ची पट्टी भारतांत २००५ पासून परवान्याशिवाय वापरतां येते, म्हणून ती सर्वांची आहे. आणि तींत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा अवघ्या तीन, ज्यांचे क्रमांक १, ६ व ११ असे धरतात. सामाईक भिंतींच्या दहा घरांत दहा राउटर असले, तर मोबाईलवर शक्तीच्या सर्व रेघा भरलेल्या दिसूनहि काम रेंगाळतें. तेथें राउटरच्या मांडणींत जाऊन वाट बदलावी, किंवा जवळच्या खोल्यांपुरती ५ ची लहर वापरावी. ती शेजाऱ्याच्या भिंतींतून फारशी येत नाहीं, हा तिचा दुबळेपणा येथें गुण ठरतो.

बाहेरच्या खोलींतील मंडळींस एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. एका राउटरशीं घरांतील यंत्रें पाळीपाळीनें बोलतात. ज्या यंत्राला लहर क्षीण मिळते, तें चुका टाळण्यासाठीं सावकाश बोलतें. तेवढाच मजकूर सांगावयास त्याला कितीतरी पट वेळ लागतो, आणि तोंवर बाकीच्यांस थांबावें लागतें. सुनेची कचेरीची सभा मागच्या खोलींत उणे ८२ वर रखडत असेल, तर यजमानांच्या क्रिकेटच्या सामन्यालाहि त्याची झळ बसते. सामना बंद करा असें सुनेनें म्हणावें आणि सभा आटोपती घे असें यजमानांनीं म्हणावें, असे प्रसंग घडतात. राउटर दोन खोल्या आंत नेला असतां दोघांनाहि तसें म्हणावें लागणार नाहीं.

मग राउटर ठेवावा कोठें? वीज नव्हती त्या काळीं माजघर व स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतींतील कोनाड्यांत दिवा ठेवीत, तो दोन्हींकडे उजेड पडावा म्हणून. ओसरीवर दिवा ठेवून माजघरांत पोथी वाचतां येत नाहीं, हें कोणास शिकवावें लागलें नाहीं. राउटरची जागा तीच: घराच्या मध्यावर, जेथून जास्तींत जास्त खोल्यांना कमींत कमी भिंती पडतील अशी. तो जमिनीवर नसावा. डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर असावा. दूरचित्रवाणीच्या मागें, लोखंडी कपाटावर, अथवा शोभा बिघडते म्हणून बंद फडताळांत तो ठेवूं नये. फडताळांत ठेवला तर मराठवाड्याच्या वैशाखांत तो तापून आणखी हैराण होतो. अँटेना उभ्या असल्या म्हणजे लहर मुख्यतः आडवी, त्याच मजल्यावर पसरते. वरच्या मजल्यावरहि हवी असेल तर दोहोंतली एक आडवी करून पाहावी. आजी सुचवितील त्याप्रमाणें देवघराची भिंत टाळावीच. समया, घंगाळें व चांदीचीं उपकरणीं यांच्या शेजारीं राउटर ठेवणें शास्त्रदृष्ट्याहि गैरसोयीचें आहे.

तार आंत आणतांना ती काचतंतूची असल्यास काटकोनांत मोडूं नये; मोठ्या गोलाईनें वळवावी. जोडणी नवी असेल तर येणाऱ्या माणसास आरंभींच दहा-पंधरा मीटर अधिक तार आणावयास सांगावें. लहर पुढें ढकलणारें दुय्यम यंत्र, ज्याला एक्स्टेंडर म्हणतात, तें पुष्कळजण मागच्या खोलींत, जेथें लहर मुळींच येत नाहीं तेथें लावतात, आणि मग तें चालत नाहीं म्हणून कष्टी होतात. ज्याला स्वतःला ऐकूं येत नाहीं तो निरोप काय सांगणार? तें निम्म्या वाटेवर, लहर अजून चांगली आहे अशा ठिकाणीं लावावें. आणि ऐकणें व सांगणें दोन्हीं कामें एकाच वाटेनें करणारें असेल, तर गति निम्मी होईल हें धरून चालावें. याहून राउटरपासून आंतपर्यंत साधी तांब्याची तार नेणें शतपट चांगलें. शंभर मीटरपर्यंत ती कोणत्याहि भिंतीची पर्वा करीत नाहीं.

राउटर माजघरांत आणण्यास वडील माणसांचा एक आक्षेप असतो, तो लहरींच्या भीतीचा. राउटर सुमारें दहांश वॉट शक्तीनें बोलतो. मायक्रोवेव्ह भट्टींत आठशे-हजार वॉट बंद पेटींत कोंडलेले असतात. उणे ६७ डेसिबल म्हणजे खोलींतील मोबाईलला मिळणारी शक्ति एका वॉटचा पांच अब्जावा भाग आहे. अशा क्षीण बिनतारी लहरींनीं आरोग्यास अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं नमूद केलें. लहर क्षीण असली कीं उलट हातांतला मोबाईलच अधिक जोरानें ओरडूं लागतो, हेंहि लक्षांत घ्यावें.

जागा बदलण्यापूर्वीं कागदावर घराचा आराखडा काढून प्रत्येक खोलीचा आंकडा लिहावा; दारें नेहमीं असतात तशींच ठेवावीं. मोजणी रात्रीं आठ-नऊच्या सुमारास करावी, कारण शेजारचे सर्व राउटर त्या वेळीं जागे असतात. खोलीच्या मधोमध उभें राहून मोजूं नये. आजींची खाट, सुनेचें मेज, मुलाची खुर्ची, जेथें माणूस प्रत्यक्ष बसतें तेथें मोजावें, व प्रत्येक ठिकाणीं वीतभर इकडेतिकडे करून दोन-तीन वेळां. राउटर मध्यावर आणल्यावर पुन्हां तोच फेरा करावा. खाटेवरचा आंकडा तरीहि उणे ७५ च्या खालीं राहिला, तर तार आंत न्यावी आणि तिच्या टोकाला माळ्यावर पडलेला जुना राउटर जोडावा. बहुतेक जुने राउटर असें दुय्यम ठाण्याचें काम करूं शकतात. यंत्रांना पत्ते वांटण्याची त्यांची सोय तेवढी बंद करावी लागते, आणि तें काम बारावीचा मुलगा एका संध्याकाळीं करून देईल.